ध्रुवीय हिमांतील शीतोष्णाचा लेख व त्याच्या वाचनाची कसोटी

(१)

कागद, भूर्जपत्र, ताम्रपट, शिलालेख व नाणीं हीं इतिहासाचीं साधनें या त्रैमासिकाच्या वाचकांच्या नित्य हाताळण्यांतलीं आहेत. बर्फ हेंही एक साधन आहे असें म्हटल्यास प्रथमदर्शनीं नवल वाटेल. जो पदार्थ हातांत धरिला असतां पाणी होऊन ओघळून जातो, त्यांत लेख तो कसला राहणार, अशी शंका येणें साहजिक आहे. तथापि ग्रीनलंड व अंटार्क्टिका यांच्या उंच अंतर्भागांत पडलेलें हिम सहसा वितळत नाहीं. तें वर्षानुवर्षें एकावर एक सांचतें, दाबानें त्याचा बर्फ होतो, आणि तें ज्या काळीं पडलें त्या काळच्या शीतोष्णाची खूण त्याच्या पाण्यांतच राहते. ही खूण ओळखण्याची रीति गेल्या सत्तर वर्षांत सिद्ध झाली असून, तिच्या आधारानें आठ लक्ष वर्षांचा सलग वृत्तान्त आज अभ्यासकांच्या हातीं आला आहे.

हा लेख कसा उमटतो, तो कसा वाचतात, आणि तो वाचतांना थोर विद्वानांकडून एक मोठी चूक कशी झाली व ती कोणत्या साक्षीनें दुरुस्त झाली, एवढें सांगण्याचा येथें विचार आहे. यांतील शेवटचा भाग आपल्या कामाशीं विशेष निगडित आहे. जी चूक तेथें झाली तिच्यासारखी चूक जुनीं कागदपत्रें वाचणाऱ्यांकडूनही सहज होते, आणि ती अक्षर चुकीचें लागल्यामुळें होत नसून अक्षर बरोबर लागल्यावर होते.

(२)

पाण्याचा रेणु हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अशा तीन अणूंचा बनतो, हें सर्वश्रुत आहे. पण ऑक्सिजनचे सर्व अणु सारख्या वजनाचे नसतात. बहुतेकांचें वस्तुमान १६ असतें. सुमारें पांचशें अणूंत एकाचें १८ असतें. १७ वस्तुमानाचे त्याहूनही विरळ असतात. १८ वस्तुमानाचा अणु १९२९ सालीं जिओक व जॉन्स्टन यांनीं ओळखला. हायड्रोजनच्या सुमारें चौसष्टशें अणूंत एक अणु इतरांच्या दुप्पट जड असतो. तो १९३१ सालीं हॅरल्ड यूरी यांनीं शोधून काढिला, व त्यास ड्यूटेरियम असें नांव मिळालें. वजनांत भेद असला तरी या अणूंचे रासायनिक गुण बव्हंशीं एकच असतात, म्हणून मूलद्रव्यांच्या कोष्टकांत त्यांचें स्थानही एकच असतें. यावरूनच १९१३ सालीं सॉडी यांनीं ग्रीक शब्दांपासून 'समान स्थानाचे' या अर्थाची संज्ञा प्रचारांत आणिली. आपला 'समस्थानिक' हा शब्द तिचेंच संस्कृत रूप होय.

येथें एक गैरसमज आधींच दूर केला पाहिजे. पुराणवस्तूंचा काळ ठरविण्याकरितां कार्बन-१४ चा उपयोग करितात, हें पुष्कळांस ठाऊक आहे. तोही समस्थानिकच, परंतु तो अस्थिर आहे, ठराविक गतीनें क्षीण होत जातो, व म्हणूनच घड्याळासारखा उपयोगी पडतो. ऑक्सिजन-१८ व ड्यूटेरियम हे स्थिर आहेत. ते काळानें घटत नाहींत, म्हणून त्यांच्या अंगीं स्वतः काळ मोजण्याची शक्ति नाहीं. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर कागदावरील मिति निराळी व मजकूर निराळा. स्थिर समस्थानिक हा मजकूर आहे. मिति दुसऱ्या प्रमाणांनीं लावावी लागते.

(३)

आतां हा मजकूर कसा उमटतो तें पाहूं. जड अणु असलेला पाण्याचा रेणु हलक्या रेणूपेक्षां किंचित् नाखुषीनें वाफ होतो, आणि वाफेचें पुनः पाणी होण्याची वेळ आली कीं तोच आधीं खालीं येतो. त्यामुळें समुद्रावरून उठलेली वाफ समुद्राहून प्रारंभींच थोडी हलकी असते. ती ध्रुवाकडे जातांना वाटेंत थंड होत जाते व पाऊस पाडीत जाते. प्रत्येक पावसाबरोबर जड रेणूंचा वांटा अधिक निघून जातो. यात्रेस निघालेल्या मनुष्यानें मोठीं नाणीं आधीं मोडावीं आणि शेवटच्या मुक्कामीं त्याच्या कसेंत खुर्दाच उरावा, तसा हा प्रकार आहे. जितकी थंडी अधिक, तितकी वाफ अधिक निथळलेली. आणि जितकी ती निथळलेली, तितकें शेवटीं पडणारें हिम हलकें. म्हणून हिमांतील जड अणूंचें प्रमाण हें थंडीचें दर्शक होतें.

हें प्रमाण समुद्राच्या पाण्याशीं ताडून सांगतात. याकरितां प्रमाणभूत पाणी हार्मन क्रेग यांनीं १९६१ सालीं निश्चित केलें. पुढें व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनें तशा पाण्याचा सांठा करून जगभरच्या प्रयोगशाळांस पुरविला. या पाण्यांतील प्रमाण शून्य मानून इतर पाणी दर हजारीं कितीनें कमी वा अधिक आहे तें सांगावयाचें, अशी ही रीति आहे. ग्रीनलंडच्या माथ्यावरील आजच्या हिमांत ऑक्सिजन-१८ चा आंकडा उणें ३५ च्या आसपास असतो. अंटार्क्टिकाच्या गर्भांतील व्होस्टोक येथें, जेथें १९८३ च्या जुलैंत शून्याखालीं ८९.२ अंशांची थंडी नोंदली गेली, तो उणें ५५ च्याही खालीं जातो.

या शोधाचा आरंभ अगदीं साध्या साहित्यानें झाला. डेन्मार्कमधील विली डान्सगार्ड (१९२२–२०११) यांनीं १९५२ च्या जून महिन्यांत कोपनहेगन येथें आपल्या घरच्या बागेंत बिअरच्या रिकाम्या बाटलीवर नरसाळें ठेवून वादळाचा पाऊस धरिला. पावसाचें पाणी वेळोवेळीं निराळें काढून त्यांनीं तपासलें, तेव्हां उंचावरील थंड ढगांचें पाणी हलकें व खालच्या उबदार ढगांचें जड असल्याचें आढळलें. पुढें त्यांनीं निरनिराळ्या देशांतलें पाणी मागवून तपासलें, आणि १९५४ सालीं असें सुचविलें कीं, ग्रीनलंडच्या जुन्या बर्फावरून गतकाळचें हवामान वाचतां येईल. त्या वेळीं तसा खोल बर्फ वर काढण्याचें साधन त्यांच्याजवळ नव्हतें. म्हणजे लिपि आधीं लागली आणि पोथी मागाहून सांपडली. असा योग आपल्या क्षेत्रांत क्वचितच येतो.

(४)

ही पोथी म्हणजे बर्फाचा गाभा. पोकळ नळीच्या तोंडाशीं पातीं बसविलेल्या यंत्रानें बर्फांत छिद्र पाडीत जातात व नळींत आलेला सुमारें दहा सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल तुकड्यातुकड्यांनीं वर काढितात. खोल गेल्यावर भोंवतालच्या दाबानें छिद्र मिटूं नये म्हणून त्यांत न गोठणारा द्रव भरून ठेवितात. ग्रीनलंडच्या वायव्येस कँप सेंचुरी या अमेरिकन लष्करी तळावर १९६६ सालीं असें छिद्र प्रथमच बर्फाच्या तळापर्यंत, म्हणजे सुमारें १,३८७ मीटर खोल गेलें. तो गाभा डान्सगार्ड यांस तपासावयास मिळाला, आणि १९६९ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सुमारें एक लक्ष वर्षांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

मिति कशी लावितात? ग्रीनलंडच्या माथ्यावर एका वर्षाच्या हिमाचा सुमारें एक वीत जाडीचा बर्फ होतो. त्यांत उन्हाळ्याचें हिम जड व हिवाळ्याचें हलकें; म्हणून आंकड्यांचा चढ व उतार मिळून एक वर्ष होतें, आणि झाडाच्या खोडांतील वलयांप्रमाणें वर्षें मोजतां येतात. खालीं दाबामुळें थर पातळ होत जातात व जवळजवळच्या थरांतील रेणु एकमेकांत मिसळून हा चढउतार पुसट होतो. तेथें धूळ, क्षार व अम्ल यांच्या वार्षिक थरांवर भिस्त ठेवावी लागते. ज्यांची तारीख इतिहासास ठाऊक आहे असे ज्वालामुखी येथें मोठे साह्यकर्ते होतात. आइसलंडमधील लाकीचा उद्रेक जून १७८३, म्हणजे शके १७०५ मध्यें सुरू झाला. इकडे सालबाईच्या तहास तेव्हां नुकतें वर्ष लोटलें होतें. त्या उद्रेकाच्या अम्लाचा थर ग्रीनलंडच्या गाभ्यांत स्पष्ट दिसतो. तो ज्या गाभ्यांत सांपडेल त्यांतील मोजणी तेथवर बरोबर आहे कीं नाहीं, याचा पडताळा लगेच पाहतां येतो.

अशा रीतीनें निरनिराळ्या गाभ्यांतील थर मोजून ६०,००० वर्षांपर्यंतची शकावली सिद्ध झाली आहे. शेवटचें हिमयुग संपून आजचें युग सुरू झालें ती सीमा भूशास्त्रज्ञांनीं २००८ सालीं अधिकृत ठरविली, ती एका गाभ्यांतील जागा दाखवूनच. उत्तर ग्रीनलंडमधील नॉर्थग्रिप नांवाच्या गाभ्यांत १४९२.४५ मीटर खोलीवर ती आहे, व तिचा काळ इ. स. २००० च्या पूर्वीं ११,७०० वर्षें असून चुकीची मर्यादा ९९ वर्षांची सांगितली आहे. चुकीची मर्यादा मितीबरोबरच सांगण्याची ही चाल आपणही उचलावी असें वाटतें.

(५)

तपासणीची जुनी पद्धति अशी. गाभ्याचा तुकडा करवतीनें कापून बंद बाटलींत वितळवितात. बाटलीचें तोंड नीट मिटलेलें नसल्यास पाण्याचा हलका भाग उडून जातो व उरलेलें पाणी जड होऊन खोटी साक्ष देतें; म्हणून ही काळजी पहिली. ऑक्सिजनकरितां त्या पाण्याच्या संगतींत कार्बन डायऑक्साइड वायु ठेवितात. दोहोंमधील ऑक्सिजनच्या अणूंची अदलाबदल होऊन वायूंत पाण्याचें प्रमाण उतरतें. मग तो वायु मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रांत सोडितात. तेथें रेणूंवर विद्युद्भार चढवून त्यांस चुंबकाच्या क्षेत्रांतून धांवावयास लावितात. हलके रेणु अधिक वळतात व जड कमी वळतात, आणि निरनिराळ्या पात्रांत पडून मोजले जातात. नमुना व प्रमाणभूत वायु आलटून पालटून सोडून दोहोंतील अंतर काढितात, त्यामुळें यंत्राचा स्वतःचा दोष पुष्कळ अंशीं कटतो. ऑक्सिजनच्या बाबतींत दर हजारीं एक दशांशापर्यंतचा भेद यानें ओळखतां येतो.

अलीकडे लेसर किरणांचा उपयोग होऊं लागला आहे. जड व हलके रेणु अवरक्त प्रकाशाच्या निरनिराळ्या छटा शोषून घेतात. पाण्याची वाफ आरशांनीं मढविलेल्या पोकळींत सोडून तींत प्रकाश किती लवकर मंदावतो तें पाहिलें म्हणजे दोन्ही प्रकारच्या रेणूंचें प्रमाण मिळतें. गाभ्याची कांडी तापलेल्या धातूच्या पट्टीवर उभी करून सावकाश वितळवीत जातात, बाहेरचें दूषित पाणी वेगळें सोडितात, व आंतील स्वच्छ पाणी सरळ यंत्राकडे नेतात. पूर्वीं ज्या कामास कित्येक महिने लागत तें आतां थोडक्या दिवसांत होतें. कसेंही केलें तरी वितळलेला तुकडा पुनः बर्फाच्या रूपानें मिळत नाहीं. वाचन म्हणजे येथें त्या पानाचा नाश. म्हणून गाभ्याचा एक उभा भाग न तपासतां शीतगृहांत राखून ठेवण्याची चाल आहे.

(६)

पोथ्यांच्या पाठभेदाची जी चर्चा आपण करितों तीही येथें चुकली नाहीं. कँप सेंचुरीच्या गाभ्यांत हिमयुगाच्या भागांत आंकडे अनेक वेळां एकाएकीं वर चढून हळूहळू खालीं येत असलेले दिसले. हा लेखकप्रमाद कीं खरा वृत्तान्त, याविषयीं शंका होती. गाभा एकच होता. १९८१ सालीं ग्रीनलंडच्या दक्षिण भागांत डाय-३ येथें दुसरा खोल गाभा निघाला व त्यांतही तेच चढउतार तशाच क्रमानें आढळले. दूरदूरच्या दोन प्रतींत एकच विचित्र पाठ असेल तर तो मूळचाच, हा न्याय तेथेंही लागू पडला. गेल्या हिमयुगांत असे सुमारें पंचवीस प्रसंग घडले असून, त्यांस डान्सगार्ड व स्वित्झर्लंडचे ओश्गर या दोघांचीं नांवें दिलीं आहेत.

याच्या उलट प्रकार ग्रीनलंडच्या माथ्यावर घडला. तेथें युरोपीय मंडळींनीं १९९२ सालीं व अमेरिकन मंडळींनीं १९९३ सालीं, एकमेकांपासून सुमारें तीस किलोमीटरांवर, तीन-तीन हजार मीटरांहून खोल गाभे काढिले; पहिल्यास ग्रिप व दुसऱ्यास गिस्प-२ म्हणतात. वरच्या नऊ दशांश भागांत दोन्ही प्रती अक्षरशः जुळल्या. शेवटच्या दशांशांत जुळेनात. ग्रिपच्या खालच्या भागावरून प्रथम असें अनुमान निघालें होतें कीं, हिमयुगापूर्वींच्या उबदार काळांतही हवामान वरचेवर एकाएकीं पालटत असे. दुसरी प्रत निघतांच तें अनुमान डळमळलें. तळाजवळचा बर्फ खडकावरून सरकतांना वळ्या पडून थर उलटेसुलटे झाले होते. म्हणजे पोथीचीं शेवटचीं पानें मागेंपुढें लागलीं होतीं. ही गोष्ट बर्फांत कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून पक्की झाली. हवेंतील मिथेनचें प्रमाण एका काळीं साऱ्या पृथ्वीवर जवळजवळ सारखें असतें, त्यामुळें अंटार्क्टिकांतील अविकृत गाभ्याशीं ताडून पाहतां कोणतें पान कोठलें तें कळतें. पुढें नॉर्थग्रिपच्या गाभ्यांत सुमारें १,२३,००० वर्षांपर्यंतचा क्रम शाबूत सांपडला. त्या उबदार काळाचीं विस्कटलेलीं पानें नीम नांवाच्या गाभ्यांत अशाच ताडणीनें जुळवून २०१३ सालीं प्रसिद्ध करण्यांत आलीं.

अंटार्क्टिकाच्या उंच अंतर्भागांत हिम फार थोडें पडतें; म्हणून तेथें वर्षें निरनिराळीं मोजतां येत नाहींत, पण काळाचा पल्ला मोठा मिळतो. व्होस्टोक येथील ३,६२३ मीटरांच्या गाभ्यावरून १९९९ सालीं सुमारें ४,२०,००० वर्षांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, व डोम सी येथील गाभ्यानें तो ८,००,००० वर्षांपर्यंत मागें नेला. तेथें मुख्यतः ड्यूटेरियमचें प्रमाण वाचलें आहे. २०२५ च्या जानेवारींत युरोपीय मंडळींनीं त्याच प्रदेशांत २,८०० मीटर खोल जाऊन बारा लक्ष वर्षांहून जुना बर्फ मिळविल्याचें जाहीर केलें.

(७)

आतां त्या चुकीकडे वळूं. समस्थानिकांचा आंकडा मिळाला, त्यास मिति लागली, पाठही निश्चित झाला; तरी आंकडा म्हणजे उष्णमान नव्हे. आंकड्यावरून अंश काढण्यास किल्ली पाहिजे. ती किल्ली अशी बनविली होती: ग्रीनलंडवर व इतरत्र आज निरनिराळ्या ठिकाणीं वार्षिक सरासरी उष्णमान किती व तेथील हिमांतील आंकडा किती, तें पाहावें. तसें पाहतां एक अंश उष्णमान वाढलें म्हणजे आंकडा दर हजारीं सुमारें दोन तृतीयांशानें वाढतो, असा सरळ हिशेब निघतो. १९६४ सालीं डान्सगार्ड यांनीं मांडलेला हा संबंध इतका नीटनेटका होता कीं, जो आज जागोजागीं खरा तो पूर्वीं काळोकाळींही खरा असलाच पाहिजे, असें सर्वांनीं धरून चालावें यांत आश्चर्य नाहीं. ग्रीनलंडच्या माथ्यावर हिमयुगांतील आंकडा आजच्याहून सुमारें सातांनीं कमी आहे. तेव्हां त्या काळीं थंडी आजच्यापेक्षां दहा-बारा अंशांनीं अधिक होती, असा निर्णय झाला.

साक्षीदार मात्र दुसराच निघाला. गाभा काढून घेतल्यावर जें खोल छिद्र उरतें त्यांत उष्णमापक सोडून ठिकठिकाणचें उष्णमान मोजतां येतें. बर्फांतून उष्णता फार सावकाश वाहते. त्यामुळें हिमयुगांत वरून आंत शिरलेल्या थंडीचा अवशेष हजारों वर्षें लोटलीं तरी खोल बर्फांत अद्याप शिल्लक आहे. उन्हाळ्यांत जुन्या तळघरांत पाऊल टाकतांच गेल्या हिवाळ्याचा गारवा लागावा, तसें हें आहे. या अवशेषावरून मागचा हिशेब मांडतां १९९५ सालीं गिस्प-२ च्या छिद्रावरून, व १९९८ सालीं ग्रिपच्या छिद्रावरून, हिमयुगांतील थंडी आजच्याहून दहा-बारा नव्हे तर वीस अंशांहून अधिक, सुमारें तेवीस अंशांनीं तीव्र होती, असें निघालें. म्हणजे जुन्या किल्लीनें थंडीचें माप निम्मेंच लागत होतें.

या दोन साक्षींचे गुणदोष परस्परपूरक आहेत, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. छिद्रांतील उष्णमानास वर्षें व दशकें ठाऊक नाहींत. काळ जातां जातां त्याचे बारकावे सर्व पुसले जातात, मात्र एकंदर माप तें खरें सांगतें. समस्थानिकांस बारकावे व क्रम ठाऊक असतात, पण माप त्यांनीं स्वतः सांगितलें नव्हतें; तें आपण त्यांच्या तोंडीं घातलें होतें. एकाएकीं झालेल्या पालटांविषयीं तिसरा साक्षीदार बुडबुड्यांतील नायट्रोजन हा आहे. वरचें हिम एकदम ऊबदार होऊन खालचें थंड राहिलें म्हणजे हिमाच्या फटींतील हवेंत जड नायट्रोजन थंड बाजूकडे किंचित् अधिक जमतो, आणि तो तसाच कोंडला जातो. त्यावरून हिमयुगाच्या अखेरीस, सुमारें ११,७०० वर्षांपूर्वीं, ग्रीनलंडचें उष्णमान थोड्या दशकांतच सुमारें दहा अंशांनीं चढलें असें दिसतें. हें मापही जुन्या किल्लीनें निघणाऱ्या मापाहून बरेंच मोठें आहे.

चूक कोठें होती? आंकड्यांत नव्हती, ते पुनः पुनः तपासून बरोबर ठरले आहेत. किल्ली बनवितांना एक गोष्ट गृहीत धरिली होती: वर्षाचें हिम बारा महिन्यांत आजच्याच प्रमाणांत वांटलें जात असावें. हिमयुगांत तसें नव्हतें. त्या काळीं समुद्रावर बर्फाचें आच्छादन दूरवर पसरलें होतें व हिवाळ्यांत ग्रीनलंडच्या माथ्यावर हिम फारच थोडें पडत असे. जें पडे तें बहुतेक उन्हाळ्याचें. त्यामुळें सबंध वर्षाचा म्हणून जो आंकडा आपण वाचतों तो वस्तुतः त्या काळच्या उन्हाळ्याचा आहे, आणि उन्हाळ्याची साक्ष ऐकून आपण वर्षाची थंडी ठरविली. ज्या दफ्तरांतील हिवाळी महिन्यांचे रुमाल मुळांत बांधलेच गेले नाहींत, त्यावरून वर्षाचा जमाखर्च काढावा, तसा हा प्रकार झाला. जें पडलेंच नाहीं त्याची नोंद बर्फांत नसते.

अंटार्क्टिकाच्या बाबतींतही किल्ली नव्यानें घासून पाहण्याचें काम चालू आहे. तेथें चूक उलट्या दिशेची निघाली. पूर्व अंटार्क्टिकांत हिमयुगाच्या ऐन काळीं थंडी सुमारें नऊ अंशांनीं अधिक होती असें पूर्वीं मानीत. छिद्रांतील उष्णमान व हिमाचा बर्फ होण्याची खोली यांवरून २०२१ सालीं चार ते सात अंश एवढाच फरक मांडण्यांत आला. एके ठिकाणीं सिद्ध झालेली दुरुस्तीही डोळे मिटून दुसरीकडे नेतां येत नाहीं, हें यावरून दिसेल.

(८)

आपल्या इकडील पाण्यास तर ही किल्ली मुळींच लागू नाहीं. उष्ण कटिबंधांत पावसाच्या पाण्याचा हलकेपणा उष्णमानावर नव्हे तर मुख्यतः पावसाच्या जोरावर अवलंबून असतो: जेथें वृष्टि अधिक तेथें पाणी हलकें. ही गोष्टही डान्सगार्ड यांनीं १९६४ सालींच दाखविली होती. पावसाचें पाणी तपासण्याचें जें जागतिक जाळें १९६१ पासून चालू झालें त्यांत मुंबई व दिल्ली येथील पाण्याचाही समावेश झाला. कोकणांत आषाढ-श्रावणांत कोसळणाऱ्या पावसाचा आंकडा ग्रीनलंडच्या किल्लीनें वाचल्यास त्या महिन्यांत तेथें थंडी पडते असें निघावयाचें!

ध्रुवीय बर्फाशीं आपल्या भागाचा प्रत्यक्ष संबंधही आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम १९८१ च्या डिसेंबरांत गोव्याहूनच निघाली. गोव्यांत वास्को येथें ध्रुवीय व महासागरी संशोधनाचें राष्ट्रीय केंद्र असून, अंटार्क्टिकांतील क्वीन मॉड लँड भागांतून आणिलेले गाभे तेथील शीतगृहांत ठेवून त्यांच्या समस्थानिकांवरून गेल्या कांहीं शतकांचें हवामान वाचण्याचें काम तेथें होतें. बाहेर समुद्रकांठचा दमट उकाडा व आंत शून्याखालीं वीस अंश, अशा स्थितींत हे लेख राखणें किती जिकिरीचें, हें कसरीशीं व ओलीशीं झगडणाऱ्या आपल्या संग्राहकांस सांगावयास नको. २०१७ सालीं कॅनडांतील एका संग्रहाचें शीतगृह बिघडून तेथील कांहीं गाभ्यांचें पाणी झालें. उंच पर्वतांवरील बर्फ तर जागच्या जागींच वितळत आहे. म्हणून २०१६ सालीं आल्प्समधील मों ब्लांवर गाभे काढून ते अंटार्क्टिकांत नेऊन ठेवण्याच्या कार्यास आरंभ झाला. वाचणारे पुढें येतील, आधीं पोथी जगवावी, हीच त्यामागील दृष्टि आहे.

(९)

आतां उपसंहार. आपण जुन्या कागदांत खंडी, मण, बिघा, कोस हे शब्द वाचतों. अक्षर स्पष्ट असतें, शब्द ओळखीचा असतो, आणि त्याचें माप आपण आपल्या ओळखीनें लावितों. वस्तुतः हीं मापें प्रांतोप्रांतीं व काळोकाळीं भिन्न होतीं. तसेंच एखाद्या दफ्तरांत ज्या वर्षींचे कागद नाहींत त्या वर्षीं कांहीं घडलें नाहीं असें आपण नकळत धरून चालतों. ग्रीनलंडच्या बर्फाचें वाचन करणारे लोक निष्काळजी नव्हते. त्यांची मोजणी एक दशांशापर्यंत बिनचूक होती. त्यांच्या हिशेबांत जें चुकलें तें एवढेंच कीं, आजची किल्ली कालच्या कुलुपास लागेल असें मानलें. ती चूक कागद पुनः वाचल्यानें कळली नसती, आणि कितीही वेळां वाचला असता तरी कळली नसती. ज्या साक्षीदाराचा त्या कागदाशीं संबंध नाहीं असा, खालीं अंधारांत थंडी धरून बसलेला, दुसरा साक्षीदार विचारला तेव्हां ती कळली. म्हणून कोणताही लेख सुवाच्य व समिति मिळाला म्हणजे काम संपलें असें न समजतां, त्यांतील माप ठरविण्यास त्याच्याशीं असंबद्ध अशी एक तरी साक्ष शोधावी. आणि ती मिळेपर्यंत आपला निर्णय चुकीच्या मर्यादेसह मांडावा, एवढेंच वाचकांस नम्रपणें सुचवून हा लेख पुरा करितों.